रात्री आईंना ऑक्सिजनचं मशीन लागतं, लाईट गेली तर काय करायचं? (बडोदा, समा)

समाच्या वहिनी
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, आधीच सॉरी. आम्ही समा भागात राहतो, टेनामेंट आहे, खाली दोन खोल्या आणि किचन, वर एक खोली आणि बाकी धाबं (गच्ची). घरात मी, मिस्टर (हालोलला नोकरी, शिफ्ट असते, आठवड्यातून तीन-चार रात्री घरी नसतात), मुलगी बारावीला आणि सासूबाई, वय ७८. सासूबाईंना या हिवाळ्यापासून रात्रीचा ऑक्सिजन लावावा लागतो, पाच लिटरवालं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) घेतलंय, डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरवर ठेवायला सांगितलंय. जिना चढणं आता त्यांना जमत नाही म्हणून पलंग खालीच आहे.

बडोद्यात लाईट जातेच कुठे असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, एरवी गेली तर पंधरा-वीस मिनिटांत येते. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे दोन रात्री तीन दिवस लाईट नव्हती. जन्माष्टमीचा दिवस होता, आदल्या दिवशी शेजारच्या बेनकडून शीतळा सातमचे (शिळं खायचा सण) थेपले आलेले, तेच पुढे पुरवून पुरवून खाल्ले. आणि इन्व्हर्टर होता ना आमच्याकडे! जिन्याखाली, सगळ्यांच्या असतो तिथेच. पाणी घरात आलं ते मला पाण्यावरून कळलंच नाही, इन्व्हर्टरच्या आवाजावरून कळलं, टीं टीं टीं सुरू झालं, मला वाटलं बॅटरी संपत आली असेल म्हणून टॉर्च घेऊन वरून खाली आले तर शेवटची पायरी पाण्याखाली आणि ट्रॉलीची चाकं बुडालेली. मी वाकून बटण बंद करायलाच निघाले होते, मुलगी वरून ओरडली मम्मी हात नको लावूस. थोड्या वेळाने तो आवाज आपोआप थांबला आणि मग जे शांत झालं ना सगळं, ते अजून आठवतं. आई तेव्हा चालत्या-फिरत्या होत्या, स्वतःच्या पायाने वर आल्या. आता तसं नाहीये.

बॅटरी भंगारात गेली, इन्व्हर्टर वाळवून बघितला, नाही चालला. तेव्हापासून घरात बॅकअप म्हणून काहीच नाही आणि आता पाऊस तोंडावर आलाय.

बजेट ४० हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणतो मोठा घ्या, सगळं घर चालेल. शेजारी सोलर लावलंय, ते म्हणतात सोलर लावा, बॅटरीचं झंझटच नको. भाऊ म्हणतो छोटा जनरेटर आण आणि मोकळी हो. कोणाचं ऐकू?


खडकीतला बंड्या
सोमवार, रात्री ११:१५

वहिनी आमच्याकडे वर्षभरात फक्त उत्तरायणला (संक्रांतीला) लाईट जाते, तारेत मांजा अडकला की. एक पॉवरबँक आणि दोन चार्जिंगचे बल्ब पुरतात, ४० हजार कशाला घालवता. घरोघरचे इन्व्हर्टर धूळ खात पडलेत नुसते.


धाब्यावरचा मन्या
सोमवार, रात्री ११:४०

बंड्याभाई पोस्ट पूर्ण वाच, ऑक्सिजनचं मशीन पॉवरबँकवर चालवणार का तू.

वहिनी मी सोलरबद्दल सांगतो कारण मी स्वतः फसलोय, म्हणजे फसवलं कुणी नाही, मीच विचारलं नाही. आमच्या धाब्यावर ३.३ किलोवॅटचं लावलंय, सबसिडी मिळाली (३ किलोवॅट आणि वर असेल तर ७८ हजार मिळतात केंद्राच्या योजनेत), बिल खरंच जवळपास शून्यावर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुरात भर दुपारी ऊन पडलेलं, पॅनलवर सूर्य चमकतोय आणि घरात पंखा बंद! मी इन्स्टॉलरला फोनवर भांडलो तर तो शांतपणे म्हणाला भाई हे ऑनग्रिड आहे, लाईनमध्ये करंट नसेल तर हे आपोआप बंद होणारच, तसंच बनवलेलं असतं. नाहीतर खाली लाईनमन तारा जोडतोय आणि आमच्या धाब्यावरून त्याच तारेत करंट जातोय, माणूस जायचा.

म्हणजे शेजाऱ्यांचं सोलर पण लाईट गेली की झोपतं, त्यांना अजून माहीत नसेल. बॅटरीसकट चालणारं हायब्रिड वेगळं येतं, ते ४० हजारांत नाही बसणार. बिल वाचवायला सोलर लावा केव्हाही पण आईंच्या मशीनसाठी नाही.


निवृत्त लाईनवाले काका
मंगळवार, सकाळी ६:२०

वहिनी, सर्वात आधी, मुलीला माझ्याकडून शाबासकी. पाण्यात उभं राहून इन्व्हर्टरला हात लावायचा नाही. मेन बंद असली, सगळ्या गावाची लाईट गेलेली असली तरी इन्व्हर्टर स्वतः २३० व्होल्ट बाहेर देत असतो, लोक नेमकं हेच विसरतात. पाणी दाराशी यायच्या आत इन्व्हर्टर बंद, त्याच्या आउटपुटची पिन काढायची, मग मेन खाली. पाणी आत आल्यावर काही करायचं नाही, वर जायचं.

आता बंड्यासाठी. बाबा रे आमच्या जमान्यात गुजरातेत संध्याकाळी गावंच्या गावं अंधारात असायची. २००३ ते २००६ मध्ये ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर (वीज नेणाऱ्या लाईनी) वेगळे काढले, गावाला चोवीस तास थ्री फेज मिळायला लागली आणि मग आपण लाईट जाते हेच विसरलो. २०१२ च्या जुलैअखेरीला उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा ग्रिड बसला, निम्मा देश अंधारात, तेव्हासुद्धा आपला पश्चिमेचा उभा राहिला. म्हणून तुझं म्हणणं ३६० दिवस बरोबर आहे. पण पुरात लाईट जात नाही, मुद्दाम बंद करतात, करावीच लागते, ट्रान्स्फॉर्मर आणि मीटर पेट्या पाण्यात असताना चालू ठेवली तर पाण्यातून चालणारी माणसं मरतील. पाणी उतरल्यावर एकेक सोसायटी तपासून मग चालू करतात, तिथे दिवस जातात. म्हणजे बडोद्यात दोनच प्रकार, वीस मिनिटं नाहीतर दोन दिवस. मधलं फारसं काही नाही. दुकानदार विकतो ते सगळं मधल्यासाठी असतं, तीन-चार तासांच्या कटवाल्या गावांसाठी.

हिशोब करू. मशीनच्या मागे स्टिकर असतो त्यावर वॅट लिहिलेले असतात ते बघून सांगा. पाच लिटरवाली साधारण ३०० ते ३५० वॅट खातात आणि दोनवर ठेवलं म्हणून फार कमी खात नाहीत, आत कॉम्प्रेसर तोच चालतो. ३४० धरा. इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं, म्हणजे बॅटरीतून ४०० निघणार. १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सतत ३३ ॲम्पियर. आता १५० ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी (ती पाणी घालायची, ॲसिडवाली) जी म्हणतात ती १५० कधी देते, तर हळूहळू वीस तासांत काढली तर. ३३ ने ओढलंत तर शंभर-एकशे दहाच्या आसपास देऊन बसते. म्हणजे तीन तास, नवी असताना. दुकानदार पंखे-बल्ब धरून आठ तास सांगेल, तेही खोटं नाही, पण तुमचा लोड वेगळा आहे.

दोन बॅटऱ्या लावल्यात (२४ व्होल्टचा इन्व्हर्टर) तर प्रत्येकीवर ओढ निम्मी होते म्हणून वेळ दुप्पट नाही, दुपटीपेक्षा जास्त मिळतो, सात तास निघतील, रात्र निघाली. पण बजेटच्या बाहेर जाईल आणि एकेक बॅटरी पन्नास-पंचावन्न किलोची, पाणी आलं तर तुम्ही आणि मुलगी मिळून ती हलवणार नाही आहात.

आणि काय घ्याल ते प्युअर साईनवेव्ह घ्या, म्हणजे मेन लाईनसारखाच करंट देणारा इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो तेवढं चालतं, आईंचं मशीन त्यावर चालवू नका.


समाच्या वहिनी
मंगळवार, सकाळी ९:०५

काका खूप खूप आभार, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. स्टिकर बघितला, ३५० वॅट लिहिलंय. आणि मन्या, शेजारच्या भाईंना सांगितलं तर ते आत्ता इन्स्टॉलरला फोन लावतायत, आवाज इथपर्यंत येतोय 😄

जनरेटरचं काय मग? भाऊ रोज विचारतोय. मला त्याचा आवाज आणि पेट्रोल घरात ठेवणं नको वाटतं पण दोन दिवसांसाठी दुसरा उपाय काय?


निवृत्त लाईनवाले काका
मंगळवार, सकाळी ९:४०

जनरेटर वाईट नाही पण तुमच्या घराला नाही. तो घरात, जिन्यात, खिडकीखाली चालवायचा नाही कधीच, धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही वास येत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. पावसात उघड्यावर ठेवायचा नाही. पुरात अंगणात पाणी. मग राहिलं धाबं, आणि पेट्रोलचा डबा घेऊन अंधारात जिना चढणार कोण. शिवाय घरात ऑक्सिजन, त्यात पेट्रोल नको.

आणि एक, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ सॉकेटमध्ये घुसवणारे महाभाग आहेत. चेंजओव्हर स्विच (एका वेळी मेन लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसताना तो करंट बाहेर लाईनवर जातो. मी खांबावर चढलेला माणूस आहे, मला विचारा.


रात्रपाळी सिस्टर
मंगळवार, दुपारी ३:३०

आत्ता उठले म्हणून आता लिहितेय. मी नर्स आहे, वीसेक वर्षं झाली. वहिनी, सगळे बॅटरी बॅटरी करतायत पण तुम्हाला बॅकअप विजेचा नको आहे, ऑक्सिजनचा हवाय. सिलिंडर घ्या!

छोटा बी टाईप म्हणतात तो, त्यात दीड घनमीटर म्हणजे १५०० लिटर भरलेला असतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. एका रात्रीला एक सिलिंडर पुरून उरतो, ना बॅटरी ना वायर, पाण्यात उभा राहिला तरी बिघडत नाही. डिपॉझिट भरून भाड्याने मिळतो, रिफिल करून देतात. दोन ठेवलेत तर दोन रात्री झाल्या. आईंना दिवसा लागत नाही ना? मग झालंच.

पण ठेवून दिला म्हणजे झालं नाही, घरोघरी मी बघते, सिलिंडर कोपऱ्यात आणि चावी हरवलेली. पान्यासारखी चावी असते ती सुतळीने सिलिंडरच्या गळ्यातच बांधून टाका. रेग्युलेटर, फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवणारा), पाण्याची बाटली सगळं आधीच लावून बघा, उघडून काटा बघा किती भरलाय आणि परत घट्ट बंद करा, कारण किंचित सैल राहिला तर महिन्याभरात रिकामा. उभा ठेवायचा आणि भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधायचा, पडला तर वरची मान मोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाईट गेली की आपण पहिलं काय करतो, मेणबत्ती लावतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, देवासमोरची समई पण दुसऱ्या खोलीत. चार्जिंगचा दिवा आईंच्या उशाशी कायम ठेवा. आणि रेग्युलेटरला तेलकट हात लावू नका, व्हॅसलीन तर अजिबात नको, ना रेग्युलेटरला ना त्यांच्या नाकाला. नळीने नाक कोरडं पडतं म्हणून लोक व्हॅसलीन लावतात, पाण्याच्या बेसचं जेल मिळतं मेडिकलमध्ये ते आणा.

दोन लिटर डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच, सिलिंडरवर आहे म्हणून घाबरून वाढवायचे नाहीत, काही फुफ्फुसाच्या पेशंटना जास्त ऑक्सिजनने उलट त्रास होतो.


खडकीतला बंड्या
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

माझं म्हणणं मागे घेतो 🙏 काल अर्धवट वाचून लिहिलं.

पण एक विचारू, आमच्या पप्पांचं इन्सुलिन असतं फ्रिजमध्ये. दोन दिवस लाईट नसेल तर फ्रिज इन्व्हर्टरवर घ्यायचा का?


रात्रपाळी सिस्टर
मंगळवार, संध्याकाळी ७:३५

नको. फ्रिज उघडलाच नाही तर चार तास तसाच गार राहतो. ज्या पेनचा वापर चालू आहे ते तसंही बाहेर राहू शकतं, बहुतेक इन्सुलिन तीस डिग्रीच्या खाली असेल तर चारेक आठवडे, तुमच्या डब्यातल्या कागदावर नेमकं लिहिलेलं असतं. पुरातल्या दिवसात हवा गारच असते. उन्हाळ्यात गेली तर मातीचं मडकं, त्यात दुसरं छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, आतल्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. गावाकडे वर्षानुवर्षं करतात. बर्फात थेट टाकू नका फक्त, गोठलं की वाया.


धाब्यावरचा मन्या
मंगळवार, रात्री ९:२०

सिस्टरचं म्हणणं पटलं पण तरी बॅटरी हवीच असं मला वाटतं, कारण वीस मिनिटांसाठी मध्यरात्री उठून सिलिंडर कोण उघडणार, मुलगी एकटी असेल तर? बॅटरीने ते आपोआप होतं. म्हणजे वीस मिनिटं ते दोन-तीन तास बॅटरी आणि त्यापुढे सिलिंडर.

आणि काका तुम्ही लिथियमचं नाव काढलं नाहीत 🙂 महाग आहे मान्य, ट्युब्युलरच्या जवळपास दुप्पट, पण या केसला फिट बसते. १२.८ व्होल्ट १०० ॲम्पियर-अवर म्हणजे १२८० वॅट-अवर, आणि जोरात ओढलं तरी जवळपास सगळं देते, नव्वद टक्के धरा. ४०० ने भागा, पावणेतीन-तीन तास. म्हणजे या लोडला १०० ची लिथियम आणि १५० ची ट्युब्युलर सारखीच! वजन बारा-तेरा किलो. वहिनी एकट्या उचलून वर नेऊ शकतात. पाणी घालायची कटकट नाही, ॲसिड नाही, गॅस नाही. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आईंच्या खोलीत ती ठेवू नयेच.


निवृत्त लाईनवाले काका
बुधवार, सकाळी ६:०५

मन्याशेठ, तुमचं वजनाचं म्हणणं खरं आहे, मी जुना माणूस, बॅटरी म्हटलं की डिस्टिल वॉटरची बाटली डोळ्यासमोर येते. मान्य. फक्त इन्व्हर्टर लिथियमला चार्ज करणारा पाहिजे, जुन्या कुठल्याही इन्व्हर्टरला लिथियम लावू नये, चार्जिंगचा व्होल्टेज वेगळा असतो.

वहिनी जागा सांगतो. वर न्यायची पण धाब्यावरच्या पत्र्याखाली नाही, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी असते, बॅटरी कुठलीही असो उष्णता तिचं आयुष्य खाते. जिन्याच्या वरच्या वळणावर भिंतीला मजबूत ब्रॅकेट मारून घ्या, तिथे वारा असतो. तिथून आईंच्या खोलीला वेगळी लाईन खाली आणा आणि त्यावर फक्त चारच गोष्टी ठेवा, मशीनचा सॉकेट, एक पंखा, एक दिवा, राऊटर. पंखा जुना असेल तर बदला, जुना सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. टीव्ही, फ्रिज, पाण्याची मोटर यांची वायर त्या लाईनजवळ फिरकूही देऊ नका, वायरमन म्हणेल बेन एक पॉईंट देऊन ठेवतो पुढेमागे लागेल, नाही म्हणा. एक एचपीची मोटर चालू होताना कितीतरी पट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होईल आणि त्याच्याबरोबर आईंचं मशीन. त्यापेक्षा पावसाळ्यात टाकी रोज संध्याकाळी भरून ठेवायची.

खालचे सगळे सॉकेट फुटाभरावर असतील, जुन्या टेनामेंटमध्ये असतात, ते छातीइतक्या उंचीवर घ्या. खालच्या मजल्याचा एमसीबी आणि वरचा वेगळा करा. ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, इन्व्हर्टरच्या आउटपुटलाही वेगळा. दोन दिवसांचं काम आहे वायरमनला.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, इको आणि यूपीएस. यूपीएसवर ठेवा. इकोवर लाईट गेल्यावर बदलायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात मशीन बंद पडून बोंबलायला लागेल.


रात्रपाळी सिस्टर
बुधवार, सकाळी ८:१५

ड्युटीवरून येता येता. हे सगळं करा पण पुरात घरात बसून राहायचा प्लॅन करू नका. २०२४ ला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, आईंना पाठीवर घेऊन कोण कुठे नेणार तेव्हा. आजवा तलावातून पाणी सोडल्याच्या बातम्या येतात, बडोद्यातल्या काळ्या घोड्याच्या पुलाजवळची नदीची पातळी दिवसभर सांगत असतात, ती वीस-बावीसच्या पुढे सरकायला लागली आणि वर पाऊस चालूच असला की आईंना रिक्षात घाला आणि उंचावरच्या नातेवाइकांकडे. मशीन बरोबर, एक सिलिंडर बरोबर, औषधं बरोबर. कुणी आहे का तसं?


समाच्या वहिनी
बुधवार, सकाळी ११:००

नणंद मांजलपूरला आहे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे पण तेव्हा लाईट असेल तर 😅 तिच्या घराकडे पाणी आलं नव्हतं. काल रात्री फोन केला तर म्हणाली विचारतेस काय, घेऊन ये. आई मात्र ऐकून म्हणाल्या मी कुठे जाणार नाही, मागच्या वेळी गेले का. बघू.

सिलिंडरचं बोलून आलेय, दोन ठरवलेत. वायरमन शनिवारी येतो म्हणालाय, म्हणजे सोमवारी येईल.


समाच्या वहिनी
रविवार (पंधरा दिवसांनी), रात्री १०:३०

झालं मंडळी. लिथियम घेतली १०० ची, साईनवेव्ह इन्व्हर्टर ११०० चा, वायरिंग धरून ४० च्या थोडं वर गेलं, सिलिंडरचं डिपॉझिट वेगळं, भावाला म्हटलं तुझ्या जनरेटरचे पैसे इकडे दे, त्याने दिले. जिन्याच्या वळणावर ब्रॅकेट मारलाय. वायरमनने खरंच विचारलं, बेन टीव्हीचा एक पॉईंट देऊ का? मला हसूच आलं, काकांना फोन केलेला का तुम्ही.

आणि काल रात्री टेस्ट केली. मिस्टर घरी होते म्हणून धाडस केलं. सव्वा दहाला आई झोपल्यावर मेन खाली केला. मशीन जराही अडखळलं नाही, तोच आवाज, मी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं सगळं ठीक. मग आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून राहिलो घड्याळ बघत, मुलीने त्याची नोंदपण केली वहीत, दर पंधरा मिनिटांनी इन्व्हर्टरवरचा आकडा. पंखा आणि दिवा धरून दोन तास पस्तीस मिनिटं चाललं, म्हणजे मन्याने सांगितलं त्यापेक्षा थोडं कमी पण पंखा त्याने धरला नव्हता.

बारा पन्नासला इन्व्हर्टर वाजायला लागला, टीं टीं टीं. अगदी तसाच आवाज हो. मुलगी आधीच सिलिंडरपाशी जाऊन उभी होती, गळ्यातली चावी, उघडला, फ्लो दोनवर, नळी बदलली, दोन मिनिटं पण नाही लागली. आईंनी डोळे उघडलेच नाहीत, तशाच विचारतात, पाणी आलं का गं?

मी म्हटलं नाही आई, परीक्षा चाललीय.

तर म्हणाल्या, कुणाची?